नाकात की ओठाखाली? डर्बनहून आलेला तपकिरीचा प्रश्न

पत्राचा सारांश: दक्षिण आफ्रिकेत डर्बनजवळच्या एका कारखान्यात देखभाल विभागात काम करणाऱ्या ४१ वर्षांच्या वाचकाचं हे पत्र आहे. मूळ गाव सातारा जिल्ह्यात. १८ वर्षं रोज दहा-बारा सिगारेटी ओढल्यावर गेल्या वर्षी त्यांनी त्या सोडल्या. त्या ओढाताणीत पाळीवरच्या ज्येष्ठ कामगारांनी स्थानिक तपकीर पुढे केली. झुलू भाषेत तिला उग्वायी म्हणतात. नाकात ओढल्यावर शिंका आवरेनात, डोळ्यांना धारा लागल्या. मग कारखान्यातल्या बायका ती खालच्या ओठात धरतात हे पाहून त्यांनीही तसंच सुरू केलं. आता आठ महिने झाले. दिवसाला सहा-सात वेळा बार लागतो, वीस ग्रॅमची डबी चार दिवस पुरते. मधूनमधून गरगरतं, उचक्या लागतात आणि ओठाच्या आत एक पांढुरका, सुरकुतलेला पट्टा आला आहे. सहकारी सांगतात, "तोंडात धरू नकोस, तपकीर नाकाचीच, ती निर्धोक." पत्नी सांगते, दोन्ही बंद करा. सुट्टीत गावी गेल्यावर त्यांनी एक डबी मशेरी लावणाऱ्या आईलाही दिली, आणि तिला ती "सौम्य" वाटली. प्रश्न तीन: नाकाने घ्यावी की तोंडाने, किती घेतली तर चालेल, आणि आईला पुढची डबी न्यावी का?

नमस्कार.

तुमच्या तिन्ही प्रश्नांआधी ओठातल्या पट्ट्याचं पाहू, कारण ते लांबवून चालणार नाही.

उद्या सकाळी दात घासल्यावर खिडकीच्या उजेडात आरशासमोर उभे राहा. खालचा ओठ दोन्ही हातांनी बाहेर ओढा आणि जिथे बार ठेवता तो भाग कोरड्या कापडाने टिपा. पांढरा थर पुसून निघाला, तर तो बहुधा नुसता साका आहे. पुसला जात नसेल, त्वचा भिजल्यासारखी सुरकुतलेली दिसत असेल, तर ती तपकीर धरणाऱ्यांच्या ओठात हमखास दिसणारी खूण आहे. ती बहुतेकांची तपकीर बंद केल्यावर काही आठवड्यांत मावळते. पण त्या पट्ट्यात लाल ठिपके असतील, बोटाला कडक गाठ लागत असेल, जखम दोन आठवड्यांत भरली नसेल, शेजारचा दात हलत असेल किंवा हनुवटीखाली न दुखणारी गाठ असेल, तर सुट्टीची वाट न पाहता त्याच आठवड्यात दंतवैद्याकडे जा. यातलं काहीच नसलं तरी या महिन्यात एकदा दाखवाच. त्या जागी हिरडी किती उतरली आहे, हेही ते तपासतील. उतरलेली हिरडी आपोआप वर चढत नाही.

दंतवैद्याला "तंबाखू खातो" एवढंच सांगू नका. कोरडी तपकीर, खालच्या ओठात, डाव्या की उजव्या बाजूला, एका वेळी किती मिनिटं, रोज किती वेळा आणि किती महिने, हे सगळं सांगा. आधीच्या १८ वर्षांच्या सिगारेटीही सांगा, कारण त्यांचा हिशेब तोंडाच्या कातडीत अजून शिल्लक आहे.

आता तुमचा मूळ प्रश्न. नाक की तोंड, या प्रश्नात एक गोष्ट तुम्ही गृहीत धरली आहे: एका वाटेने तपकीर घातक असेल तर दुसरी वाट सुरक्षित असणार. वाट बदलली की बदलतं ते इतकंच: निकोटिन किती वेगाने पोहोचतं, एका वेळी किती तंबाखू लागते आणि शरीराचा कुठला भाग भाजून निघतो. तपकीर तीच असते, तलफही तीच.

दक्षिण आफ्रिकेची तपकीर म्हणजे वाळवलेल्या तंबाखूची बारीक पूड. तिथे खेडोपाडी ती घरी करण्याची जुनी पद्धत आहे. पान वाळवून दगडावर वाटायचं आणि त्यात राख मिसळायची. ही राख बऱ्याचदा कोरफडीच्या जातीतल्या तिथल्या मोठ्या झाडांच्या वाळलेल्या पानांची असते. कारखान्यात भरलेल्या डब्यांमध्ये राखेऐवजी क्षार वापरलेले असतात, पण हेतू एकच असतो. आफ्रिकेत हे सगळीकडे सापडतं. नायजेरियात इग्बो लोक तपकिरीत आकान्वू नावाचा खनिज क्षार घालतात, केनिया आणि टांझानियातल्या उगोरोत मगाडीचा सोडा पडतो, सुदानच्या तुंबाक नावाच्या तपकिरीत अत्रून हा खनिज सोडा मिसळतात.

हे सगळं कशासाठी, हे सातारच्या माणसाला समजावून सांगायला नको. तळहातावर तंबाखू घेऊन अंगठ्याने चुना मळतात, तेव्हा नेमकं हेच होत असतं. चुना असो, राख असो वा सोडा, तंबाखूचा सामू म्हणजे पीएच वर जातो. सामू ७ असेल तर तंबाखूतल्या निकोटिनपैकी जेमतेम नऊ टक्के निकोटिन मोकळ्या रूपात असतं, आणि तेच पातळ कातडीतून चटकन रक्तात उतरतं. सामू ८ झाला की मोकळं निकोटिन पन्नास टक्क्यांवर जातं, ९ झाला की नव्वदवर आणि १० झाला की जवळपास सगळंच. दक्षिण आफ्रिकेतल्या खपाच्या तपकिरी २००४ च्या सुमारास तपासल्या गेल्या, तेव्हा त्यांचा सामू सुमारे ७ पासून १० पर्यंत पसरलेला होता. म्हणजे दोन डब्यांवर तंबाखूचं वजन सारखंच असेल, पण एक डबी दुसरीपेक्षा कित्येक पटींनी जोरात लागेल. डबीवर सामू छापलेला नसतो. तुमचा ब्रँड तुम्ही पत्रात लिहिला आहे, तो इथे छापण्यात अर्थ नाही. त्या नावाची डबी सोडून शेजारची घ्यावी, असा निष्कर्ष कुणी त्यातून काढू नये.

आईला ती "सौम्य" का वाटली, याचाही उलगडा इथे होतो. मशेरी भाजलेली असते, तिचा धुरकट, कडवट वास जिभेवर आधी आदळतो. कोरडी तपकीर बारीक असल्याने चवीला हलकी लागते. चवीवरून जोराचा अंदाज येत नाही, आणि नेमकी त्यामुळेच माणसं जास्त घेतात.

आता दोन्ही वाटा शेजारी ठेवून पाहू.

नाकात ओढताना चिमूट अगदी लहान असते, एका नाकपुडीला फार तर पन्नासेक मिलिग्रॅम. ओढणारा जाणता असेल तर जोरात श्वास घेत नाही. पूड नाकाच्या पुढच्या भागात, नाकपुडीच्या आतल्या कडेला बसेल इतकाच हलका हुंगा घेतो. तुम्ही बहुधा सिगारेटीच्या सवयीने जोरात ओढलीत. मग पूड थेट घशाच्या मागे गेली, म्हणूनच शिंका, ठसका आणि डोळ्यांना पाणी. हे सांगण्याचा उद्देश नीट ओढायला शिकवणं हा नाही. पहिल्या दिवशी जमलं नाही म्हणून तुम्ही तोंडाकडे वळलात आणि तिथे मात्रा किती वाढली, ते तुमच्या लक्षात यावं एवढ्यासाठी सांगतो आहे.

नाकाच्या अस्तरातून निकोटिन झपाट्याने आत जातं. १९८० च्या सुमारास इंग्लंडमध्ये नियमित तपकीर ओढणाऱ्यांचं रक्त तपासलं, तेव्हा साधारण दहा मिनिटांत निकोटिनची पातळी सिगारेट ओढणाऱ्याइतकी चढलेली दिसली. म्हणूनच नाकाची सवय सिगारेट सोडलेल्या माणसाला जास्त ओळखीची वाटते, आणि म्हणूनच ती लवकर जखडते. तोंडात हा चढ सावकाश असतो. निकोटिन अर्ध्या तासापर्यंत वर चढतं आणि बार काढल्यावरही बराच वेळ टिकतं.

पण तोंडाची मात्रा मोठी. तुमचाच हिशेब मांडू. चार दिवसांत २० ग्रॅम म्हणजे दिवसाला ५ ग्रॅम, सहा-सात बारांत वाटलं तर एका बाराला पाऊण ग्रॅमच्या आसपास. एका ग्रॅम कोरड्या तपकिरीत निकोटिन साधारण १० मिलिग्रॅम धरलं तर दिवसाला ५० मिलिग्रॅम निकोटिन तुमच्या ओठात येऊन बसतं. ते सगळं रक्तात जात नाही. पण चौथा हिस्सा जरी गेला तरी बारा मिलिग्रॅम होतात, आणि एका सिगारेटीतून रक्तात जाणारं निकोटिन साधारण एक मिलिग्रॅम असतं. म्हणजे रोजच्या दहा-बारा सिगारेटी तुम्ही सोडल्यात, पण निकोटिन तितकंच राहिलं. ते फक्त डबीत येऊन बसलं.

नाकाने दिवसभर दहा वेळा चिमूट ओढणारा तुमचा सहकारी एक ग्रॅमच्या आसपास वापरतो. तुमच्यापेक्षा पाचपट कमी. त्याला आपली सवय निरुपद्रवी वाटते ती यामुळे, पण त्यात नाकाचं श्रेय नाही, कमी तंबाखूचं आहे.

गरगरणं आणि उचक्या यांचं कारणही या मात्रेतच आहे. क्षार घातलेल्या पुडीने लाळ सुटते, कारखान्यात थुंकायला जागा नसते, म्हणून ती गिळली जाते. गिळलेल्या निकोटिनचा मोठा भाग यकृतात मोडतो, त्यामुळे किक फारशी वाढत नाही, पण पोट ढवळतं, उचकी लागते, घाम फुटतो. तुम्ही यंत्रांवर काम करता. शिडीवर किंवा फिरत्या पट्ट्याशेजारी असं गरगरलं तर काय होईल, ते मी लिहायची गरज नाही.

कर्करोगाबद्दल स्पष्ट बोलू. तोंडात धरायच्या तंबाखूने तोंडाचा, अन्ननलिकेचा आणि स्वादुपिंडाचा कर्करोग होतो, हा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा ठरलेला निष्कर्ष आहे. यात शंकेला जागा नाही. त्याला मुख्यतः जबाबदार असतात नायट्रोसअमाइन नावाची द्रव्यं. पान सुकताना, मुरताना आणि साठवणीत निकोटिनपासूनच ती तयार होतात. किती तयार होतील ते तंबाखूच्या जातीवर आणि मुरवण्याच्या पद्धतीवर ठरतं. सुदानचा तुंबाक यात सगळ्यांत वाईट. तो निकोटियाना रस्टिका या जहाल जातीच्या पानापासून करतात. पूड गरम हवेत मुरवतात, मग साधारण चार भाग तंबाखूला एक भाग अत्रूनचं पाणी या बेताने मळतात आणि त्याची गोळी ओठाखाली ठेवतात. त्या गोळीला तिथे सफ्फा म्हणतात. तुंबाकमध्ये ही द्रव्यं अमेरिका आणि स्वीडनच्या तोंडात धरायच्या तपकिरीच्या शंभर पटीपर्यंत आढळली आहेत. खार्टूम किंवा पोर्ट सुदानला काम केलेल्या, आणि तिथून ही सवय घेऊन आखातात गेलेल्या वाचकांनी हे स्वतःसाठी लिहिलं आहे असं समजावं.

नाकाबद्दल अभ्यास फार थोडे झाले आहेत. थोडे झाले म्हणून धोका नाही, असा अर्थ लोक लावतात, तो चुकीचा आहे. दक्षिण आफ्रिकेतच १९५० च्या दशकात डॉक्टरांना गालाच्या हाडातल्या पोकळीचा, म्हणजे वरच्या सायनसचा कर्करोग तिथल्या कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये नेहमीपेक्षा जास्त दिसू लागला. घरी केलेली, राख घातलेली तपकीर नाकात ओढण्याशी त्याचा संबंध त्यांनी जोडला. पुढे त्या तपकिरीत निकेल आणि क्रोमियम या धातूंचे अंशही मोजले गेले. आजच्या डबीला ते सगळं जसंच्या तसं लागू होईल असं नाही. पण नाकाची वाट "निर्धोक" आहे असं म्हणणाऱ्या सहकाऱ्याला, त्याच्याच देशात ही शंका ७० वर्षांपूर्वी उठली होती, हे सांगायला हरकत नाही.

कर्करोगाशिवायही नाकाचं नुकसान होतंच. अस्तरावरचे सूक्ष्म केस मंदावतात, शेंबूड तपकिरी आणि घट्ट होतो, वास कमी येऊ लागतो, नाक सतत चोंदलेलं राहतं. मग नाक मोकळं करायला पुन्हा तीच चिमूट. सर्दीवर आणि डोकेदुखीवर तपकीर गुणकारी ही समजूत आपल्याकडेही आहे आणि तिकडेही. शिंकेने दोन मिनिटं बरं वाटतं, हे खरं. पण रोज ओढणाऱ्याची डोकेदुखी बऱ्याचदा निकोटिन उतरल्यामुळे झालेली असते आणि पुढच्या चिमटीने ती थांबते. औषधाने बरं केलं असं वाटतं, पण दुखणं त्यानेच दिलेलं असतं. नाकाने घेणाऱ्यांनी लक्षात ठेवायच्या खुणा अशा: एकाच बाजूचं नाक आठवडे-आठवडे बंद राहणं, त्याच बाजूने रक्त येणं, गालावर सूज किंवा बधिरपणा, वरच्या दाढा कारणाशिवाय हलणं. यांपैकी एकही दिसली तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे.

तेव्हा "दोन्हींत कमी वाईट कोणतं" असं नेट लावून विचारलंत, तर माझं उत्तर असं. सगळ्यांत वाईट सिगारेट, कारण जळलेल्या तंबाखूचा धूर फुप्फुसं आणि हृदय दोन्ही पोखरतो. तिच्याकडे कुठल्याही कारणाने परत जाऊ नका. तपकीर सोडताना चिडचिड झाली म्हणून "एकच ओढतो" हा विचार हमखास येईल, तोच सगळ्यांत महाग पडेल. ओठातल्या बाराविरुद्धचा पुरावा पक्का आहे आणि तुमची मात्रा मोठी आहे, त्यामुळे तो आधी जायला हवा. पण त्याच्या जागी नाक आणू नका. ज्यांनी अशी बदली केली त्यांचं बहुतेकदा असं होतं की कामावर नाक आणि घरी ओठ, दोन्ही चालू राहतं, कारण नाकाच्या झटक्याची आणि ओठातल्या रेंगाळणाऱ्या चढाची सवय वेगवेगळी असते.

"किती घेतली तर चालेल" याला आकडा नाही. ज्या मात्रेखाली धोका उरत नाही अशी मात्रा कुणी दाखवलेली नाही. जास्त घेतली आणि जास्त वर्षं घेतली की धोका वाढतो, एवढं पक्कं. तुम्ही आठ महिन्यांत आहात, आठ वर्षांत नाही. हे तुमच्या बाजूचं आहे.

सोडायचं कसं, ते जरा सविस्तर सांगतो, कारण सिगारेटीसारखीच ही सोडता येईल असं धरून चालणारे इथे अडतात. सिगारेट पेटवायला बाहेर जावं लागतं. बार मात्र काम करताना, गाडी चालवताना, झोपतानाही चालू असतो. म्हणून पहिल्या आठवड्यात तपकीर सोडू नका, फक्त नोंद ठेवा. प्रत्येक बाराची वेळ, किती मिनिटं धरला, आधी काय चाललं होतं. बहुतेकांना दिसतं की सहा-सातपैकी दोन-तीनच बार खऱ्या तलफेचे असतात, बाकीचे हात डबीकडे गेला म्हणून. ते हाताचे बार दुसऱ्या आठवड्यात काढून टाका. रात्री ओठात ठेवून झोपणं पहिल्याच दिवशी बंद करा, कारण झोपेत लाळ गिळली जाते आणि कातडीवर पूड तासन्‌तास बसते. उरलेल्या बारांसाठी डबीतून थेट चिमूट घेऊ नका. सकाळी दिवसाची मात्रा छोट्या काट्यावर मोजून वेगळ्या पुडीत काढा. ५ ग्रॅमवरून ३, मग २. डोळ्यांच्या अंदाजाने कमी केलेली चिमूट चौथ्या दिवशी पुन्हा मूळ आकाराची होते.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी पूर्ण बंद करायची तारीख ठरवा. पाळीची अदलाबदल, गावाकडचा प्रवास, कंपनीचं वार्षिक शटडाऊन असले दिवस टाळा. पहिले तीन दिवस सगळ्यांत कठीण, त्यानंतर दोन ते चार आठवडे चिडचिड, झोपमोड, भूक आणि कधी बद्धकोष्ठ. यासाठी निकोटिनच्या औषधांची मदत घ्यायला संकोचू नका. तुमच्या ओठाला इजा आहे, म्हणून च्युइंगमपेक्षा त्वचेवर लावायची पट्टी बरी. सिगारेट सोडणाऱ्यांसाठी २१ मिलिग्रॅम सहा आठवडे, मग १४ आणि ७ मिलिग्रॅम प्रत्येकी दोन आठवडे असा क्रम असतो. तुमच्या मात्रेला १४ पासून सुरुवात बहुधा पुरेल, पण रक्तदाब किंवा हृदयाचं काही असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. पट्टी दंडावर किंवा खांद्यावर, रोज जागा बदलून लावायची.

अचानक उसळणाऱ्या तलफेला पट्टी पुरत नाही. तिच्यासाठी २ मिलिग्रॅमची गोळी किंवा च्युइंगम जवळ ठेवता येते. च्युइंगम नेहमीसारखी चघळत राहिलात तर उचक्या लागतील आणि म्हणाल की औषध वाईट. झणझणीत चव येईपर्यंत आठ-दहा वेळा चावायची, मग ओठात पट्टा नसलेल्या बाजूला गालात दाबून ठेवायची. चव उतरली की पुन्हा चावायची. असं अर्धा तास. आणि आधी पंधरा मिनिटं चहा, कॉफी, संत्र्याचा रस काही नको, कारण आंबट-तुरट पेयांनी तोंडाचा सामू खाली येतो आणि निकोटिन कातडीतून आत जातच नाही. तपकिरीत राख घालतात त्याच्या उलटा प्रकार. गोळ्यांपैकी व्हॅरेनिक्लिन हे औषध धूरविरहित तंबाखूलाही लागू पडतं. स्वीडन आणि नॉर्वेत ओठात स्नूस, म्हणजे तिथली ओलसर तपकीर, धरणाऱ्यांवर त्याची चाचणी झाली, ती २०१० साली प्रसिद्ध झाली. औषध घेणाऱ्यांपैकी ५९ टक्के लोक उपचाराच्या शेवटच्या टप्प्यात तंबाखूपासून दूर राहिले, नुसत्या बनावट गोळीवर ३९ टक्के. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायचं.

ओठाला काहीतरी हवंच असेल तर बडीशेप, धनाडाळ, लवंग, वेलदोडा. सुपारी नको. आपल्याकडे तंबाखू सोडणारा माणूस "नुसती सुपारी" किंवा गोड सुपारीच्या पुडीवर येतो आणि सुटलो असं समजतो. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे. तिने गालाचं अस्तर आखडत जातं आणि तोंड उघडेनासं होतं. डर्बनमध्ये भारतीय वाणसामानाच्या दुकानात ती सहज मिळते, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता कारखान्यातल्या मंडळींचं. उग्वायी तिथे नुसतं व्यसन नाही. घरातल्या पूर्वजांशी, अमादलोझींशी बोलताना तपकीर वाहतात, आणि ज्येष्ठाने डबी पुढे केली तर त्यात आपुलकी असते. तुमची अडचण मला समजते. पण नाकारणं म्हणजे अपमान होत नाही, नाकारण्याची रीत मात्र पाळायला हवी. डबी पुढे आली की दोन्ही हातांनी घ्या, "न्गियाबोंगा" म्हणून आभार माना आणि तशीच परत द्या. डॉक्टरांनी तोंडाच्या जखमेसाठी मनाई केली आहे असं सांगा. ते खोटं नाही. ज्या बायकांचं पाहून तुम्ही ओठात धरायला लागलात, त्यांच्यातही याविषयी बोलायला कुणी तयार होईल. दक्षिण आफ्रिकेत तपकीर वापरणाऱ्यांत स्त्रियाच जास्त आहेत, आणि ओठातला पांढरा पट्टा त्यांच्यातल्या अनेकींना असेल.

डबी घरात असेपर्यंत ती लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. रांगत्या मुलाने चमचाभर पूड तोंडात घातली तर ती विषबाधाच आहे. उलट्या, लाळ, फिकटपणा दिसला तर घरगुती उपाय करत न बसता थेट दवाखाना.

आईला पुढची डबी नेऊ नका. तिची मशेरी आधीच चालू आहे. नवी डबी तिच्या जागी येणार नाही, तिच्यात भर घालेल. साठी ओलांडलेल्या बाईला "सोड" म्हणून सुटत नाही, हे खरं. पण तिला सकाळी दात घासायला साधी पेस्ट आणि मऊ ब्रश देणं, मशेरीचा बोटाचा फेर दिवसात चारवरून दोनवर आणणं आणि वर्षातून एकदा तालुक्याच्या रुग्णालयात तोंड तपासून घेणं, इतकं घडवून आणता येतं. हिरडीतून रक्त येणं किंवा तोंडात आग होणं ती वयावर घालवेल, तुम्ही घालवू नका. घरात बहीण, भावजय किंवा सून गरोदर असेल आणि तीही मशेरी लावत असेल, तर तिथे मात्र कमी करण्याची भाषा नको, बंदच. मुंबईत गरोदर स्त्रियांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांच्या, आणि त्यांत मशेरीवाल्याच जास्त होत्या, बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅम कमी भरलं. मुलगा असो की मुलगी, बाळ आईच्या हिरडीतूनच तंबाखू घेत असतं.

भारतातल्या वाचकांना तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे, त्यावर समुपदेशक बोलतात. २ मिलिग्रॅमची निकोटिन च्युइंगम इथे औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते. तुम्ही डर्बनला असल्याने कंपनीच्या दवाखान्यात आधी विचारा. धूम्रपान सोडवण्याची सोय असेल तर ती तपकिरीलाही लागू असते, पण बऱ्याचदा परिचारिका फक्त सिगारेटीचंच विचारते, तपकिरीचं तुम्ही स्वतःहून सांगायचं.

ठरवलेल्या तारखेनंतर एखाद्या दिवशी बार लागलाच, तर पट्टी काढू नका आणि नवी तारीख शोधत बसू नका. तो बार थुंका, तोंड धुवा, नोंदवहीत वेळ आणि कारण लिहा, उरलेली पूड पाण्यात ओतून टाका. पत्नीला त्याच संध्याकाळी सांगा. त्या तुमच्या बाजूने आहेत, हे पत्रातल्या त्यांच्या एका वाक्यावरूनच कळतं. दंतवैद्याकडची पहिली भेट झाल्यावर सहा आठवड्यांनी दुसरी ठरवून ठेवा. तपकीर बंद असूनही तोवर पट्टा मावळला नसेल, तर त्याचा छोटा तुकडा काढून तपासायला सांगतील. त्याला नाही म्हणू नका.